अनियमित पाळी आणि मोबाईलमधलं ॲप: काय लिहायचं, कशावर विसंबायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 26, लग्नाला दीड वर्ष, तासगावहून रोज एसटीने सांगलीला नोकरीला येणं-जाणं. मोबाईलवर पाळीचं ॲप आहे. शेवटच्या पाच वेळांना दोन पाळ्यांतलं अंतर 34, 47, 39, 62 आणि 41 दिवस आलं. ॲप दर वेळी तारीख सांगतं आणि ती दर वेळी चुकते. त्यातल्या प्रश्नावलीने 'पीसीओएसची शक्यता' (बीजाशयाचा आणि हार्मोनचा बिघाड, ज्यात पाळी लांबते) असं सांगितलं आणि लगेच खाली पैसे भरून आहार-व्यायामाचा कार्यक्रम घ्यायला सुचवलं. सासूबाई म्हणतात, एक मूल झालं की सगळं जागेवर येतं. मूल इतक्यात नको आहे. तर ॲपने पाळी नियमित होते का, त्यातल्या 'सुरक्षित' दिवसांवर विसंबलं तर चालेल का, आणि पैसे भरावेत का?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. सुरक्षित दिवसांवर विसंबू नका. आजपासूनच नको. का, ते तुमच्याच आकड्यांवरून दाखवते.

बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक बायकांमध्ये साधारण 14 दिवसांचा असतो, एखाद-दोन दिवस इकडे-तिकडे. पाळी लांबते ती त्याच्या आधीचा काळ लांबल्यामुळे. म्हणजे बीज कधी सुटलं हे पुढची पाळी आल्यावर मागे मोजूनच कळतं. 34 दिवसांच्या खेपेला ते साधारण 20 व्या दिवशी सुटलं असेल, 47 च्या खेपेला 33 व्या, 39 ला 25 व्या, 41 ला 27 व्या आणि 62 ला 48 व्या दिवशी. 62 च्या खेपेला ते मुळात सुटलंच नसण्याचीही बरीच शक्यता आहे. दिवस राहू शकतात ते बीज सुटतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहा दिवस.

आता साधी सरासरी काढणारं ॲप काय करतं बघा. तुमच्या पाच आकड्यांची सरासरी येते जवळपास 45. त्यातून 14 वजा केले की 31. म्हणजे 26 ते 31 हे दिवस ते रंगवून 'जपा' म्हणणार आणि बाकीचे मोकळे सोडणार. पण 34 दिवसांच्या खेपेला तुमचे खरे दिवस होते 15 ते 20. 39 च्या वेळी 20 ते 25. 62 च्या वेळी, बीज सुटलं असेलच तर, 43 ते 48. पाचपैकी या तीन वेळा ॲपचा रंगवलेला पट्टा आणि खरे दिवस यांची एका दिवसाचीही गाठ पडली नाही. उरलेल्या दोन वेळांना अर्धवट पडली. ॲप बिघडलेलं नाही. जी गोष्ट ठरावीक अंतराने होतच नाही तिची सरासरी काढली की असंच होणार, मग ती फोनने काढा नाहीतर बोटांवर.

दिवस मोजण्याची पद्धत जुनीच आहे. जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी 1920 च्या दशकात ती मांडली. आपल्याकडे कुटुंबनियोजनात 'मालाचक्र' नावाची रंगीत मण्यांची माळ आली, तिच्यात 8 व्या ते 19 व्या दिवसापर्यंत जपायचं असतं. पण ती माळ ज्यांची पाळी 26 ते 32 दिवसांत येते त्यांच्यासाठीच आहे, हे माळ देतानाच सांगतात. तुमच्या पाचांपैकी एकही आकडा त्यात बसत नाही. काही ॲप रोज सकाळचं अंगाचं तापमान घेऊन हिशोब करतात. त्यातल्या 'नॅचरल सायकल्स'ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये गर्भनिरोधनासाठी परवानगी दिली. तरीही रोजच्या वापरात वर्षाला 100 बायकांमागे 6-7 जणींना दिवस जातातच. शिवाय तापमान वाढतं ते बीज सुटल्यावर, तेही एका सेल्सिअस अंशाच्या फार तर अर्ध्याने. त्यासाठी नीट झोप होऊन अंथरुणातून उठायच्या आधी थर्मामीटर तोंडात धरायला हवा. पहाटे उठून डबा करून एसटी गाठणाऱ्या बाईला हे रोज जमेल असं मला वाटत नाही. लघवीच्या पट्टीवर बीज सुटल्याचं पाहायचं म्हटलं, तर पट्टी ज्यावरून ते ओळखते ते एलएच हार्मोन पीसीओएसमध्ये मुळातच वाढलेलं असू शकतं आणि पट्टी फुकाच 'हो' म्हणते. सध्या निरोध वापरा. तपासणीनंतर, मूल लगेच नको असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांचं बोलता येईल, त्यात पाळीचीही सोय होते. रक्तदाब, आणि डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी, हे दोन्ही विचारल्याशिवाय मात्र कुणी त्या गोळ्या देऊ नयेत आणि तुम्हीही दुकानातून परस्पर घेऊ नयेत.

आता पहिला प्रश्न. ॲपने पाळी नियमित होत नाही. तरी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी ते ठेवायला सांगते, आणि त्याचं कारण ओपीडीत बसल्यावर कळतं. "शेवटची पाळी कधी आली होती?" या प्रश्नावर मला मिळणारी उत्तरं: "गौरी जेवायच्या आदल्या दिवशी." "हरिपूरची जत्रा झाली ना, त्याच्या नंतर." "महिना झाला असंल बघा." मग आई पर्समधून चष्मा काढते, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे-पुढे होतात, संकष्टीवरून मोजणी सुरू होते, आणि त्याच्या आधीची कधी म्हटलं की सगळ्या गप्प. कालनिर्णयवर पेनाने बारीक फुली मारणाऱ्या जुन्या बायका या बाबतीत फार पक्क्या होत्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभराचा हिशोब असायचा आणि घरातल्या पुरुषांना ती फुली दुधाच्या खाड्याची वाटायची. ॲप हीच फुली मारतं, फक्त पुसत नाही. तुम्ही मला एका ओळीत पाच आकडे दिलेत, त्यावरून निम्मी दिशा ठरली.

ती दिशा अशी. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या जागतिक संघटनेच्या मोजमापानुसार मोठ्या बाईची पाळी 24 ते 38 दिवसांत यावी, आणि तुमच्या वयात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या अंतरात आठवड्यापेक्षा जास्त फरक नसावा. तुमच्या पाचांपैकी चार 38 च्या वर आहेत आणि फरक 28 दिवसांचा आहे. पीसीओएसच्या विचारात आम्ही 35 दिवसांचीच रेघ धरतो. म्हणजे तपासणी लागणार, यात शंका नाही. ज्यांची पाळी या महिन्यात 29 दिवसांनी आणि पुढच्या महिन्यात 33 दिवसांनी येते आणि ॲप '4 दिवस उशीर' असं लाल अक्षरात दाखवतं म्हणून ज्या घाबरून येतात, त्यांना मी चहा पिऊन घरी जायला सांगते.

पण नोंद करायची तर ती पुरती करा. फुली पहिल्या खऱ्या रक्तस्रावाच्या दिवशी टाका, डाग दिसतो त्या दिवशी नाही. तो डाग वेगळा लिहा. किती दिवस गेलं, जास्तीच्या दिवशी किती पॅड लागले, गाठी पडल्या का, पोटदुखीमुळे कामावर खाडा झाला का. पाळी आठ दिवसांच्या पुढे गेली किंवा तासाला एक पॅड भिजायला लागलं, तर मात्र नोंदत बसू नका, दवाखान्यात या.

सगळ्यांत महत्त्वाची नोंद ॲपमध्ये कुणी करत नाही, ती म्हणजे गोळ्यांची. आपल्याकडे श्रावण लागला की औषध दुकानांत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची मागणी वाढते. मंगळागौर, गणपती, गौरी, मग नवरात्र, लग्नसराईत घरचं कार्य, सत्यनारायण, आषाढीला वारी. या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या पाळीच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. ज्यांची पाळी तुमच्यासारखी कधी येईल त्याचा नेम नाही, त्या कधी सुरू करायच्या हे न कळून दहा-दहा, बारा-बारा दिवस खातात. मग ॲपला काय दिसतं? 47 दिवस. त्याला काय ठाऊक की मध्ये गौरी होत्या. ते हा आकडा सरासरीत धरतं आणि पुढच्या तीन महिन्यांची गणितं बिघडवतं. तुमच्या 47 आणि 62 मध्ये असं काही झालं होतं का, ते आठवून बघा. मी समोर असते तर हाच प्रश्न पहिला विचारला असता. काही ॲपमध्ये एखादा महिना सरासरीतून वगळायची सोय असते, ती वापरा. नसेल तर त्या तारखेला टिपण लिहा. तेच तातडीच्या, म्हणजे संबंधानंतर घ्यायच्या गोळीचं. तिने ती पाळी मागेपुढे होऊ शकते. आणि महिनाभर गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर पाकीट संपल्यावर येणारं रक्त ही गोळी थांबल्याची पाळी, तिच्यावरून ॲपने काढलेला बीज सुटण्याचा दिवस निव्वळ कल्पनेतला.

आणखी एक गोळी, जिचा पाळीशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. ॲसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी घेतात त्या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा डोमपेरिडोन असतं. ते प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढवतं, आणि प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी लांबते. महिनोन्‌महिने ती कॅप्सूल खाणाऱ्या बायका आहेत. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा म्हणते ते त्यासाठीच.

आता आहार-व्यायामाचं. वजन जास्त असेल आणि पाळी लांबत असेल तर वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरल्यावर बऱ्याच जणींची पाळी स्वतःहून जवळ येते. 70 किलोच्या बाईला 5 टक्के म्हणजे साडेतीन किलो. साडेतीन किलोंसाठी कुणी उपाशी राहायला नको. आठवड्याला निदान 150 मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढ्यावर सुरुवात होते. पावलं मोजणारं ॲप याला खरंच उपयोगी आहे, कारण घरकामात 'दिवसभर उभीच असते' असं वाटणाऱ्या बाईची पावलं बघितली की तिचं तिलाच कळतं. तुमच्या बाबतीत सांगलीच्या स्टँडवरून ऑफिसपर्यंत रिक्षा न करणं हाही व्यायामच आहे.

जेवण मोजणाऱ्या ॲपबद्दल माझं मत फार बरं नाही. त्यांच्या यादीत 'एक भाकरी' असते. कुणाची भाकरी? मिरज पूर्व भागातली ताटभर ज्वारीची, की शहरातल्या फ्लॅटमधली तव्यावरची छोटी? दोन्हींत दुप्पट फरक पडेल. आमटीवरचा तेलाचा कट, शेंगदाण्याची चटणी, चहातली साखर, ऑफिसात येता-जाता तोंडात टाकलेलं भडंग, यातलं काही त्यात धड लिहिता येत नाही आणि नेमकं तेच वाढवतं. त्यापेक्षा चार दिवस जेवणाच्या ताटाचा फोटो काढा. चहाचे कपही मोजा. पाच कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला दहा चमचे, हे मी पुन्हापुन्हा पाहते, आणि ते फोटोत येत नाही.

इथे एक उलट बाजू आहे आणि ती ॲपवाल्यांच्या ध्यानात नसते. आपल्या भागात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली खूप आहेत. पहाटे मैदानावर 800 मीटरचा सराव, गोळाफेक, संध्याकाळी पुन्हा धावणं, दिवसभर अकॅडमीत अभ्यास, आणि वजन वाढू नये म्हणून भात बंद, रात्रीचं जेवण अर्धं. अशा मुलीची पाळी चार-चार महिने येत नाही. ती मुलगी ॲपमध्ये 'पाळी अनियमित' असं भरते, ॲप तिला पीसीओएसवाली समजून वजन कमी करा, गोड-भात टाळा, व्यायाम वाढवा असं सांगतं. तिला हवं असतं नेमकं उलट. पुरेसं खाणं मिळत नाही म्हणून मेंदूने पाळीचं काम थांबवलेलं असतं, आणि असंच चालू राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, धावताना पायाच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. तिच्यावरचा उपाय म्हणजे जेवण वाढवणं आणि सराव थोडा उतरवणं. दोघींची तक्रार एक, उपाय एकमेकींच्या विरुद्ध. म्हणून वजन, उंची आणि ताट पाहिल्याशिवाय कुणी कार्यक्रम विकत असेल तर तो घेऊ नये.

प्रश्नावलीने सांगितलेल्या पीसीओएसचं काय? शक्यता आहे, नाही म्हणत नाही. पण निदानाला तीन गोष्टींपैकी दोन लागतात: पाळी लांबणं, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा (हनुवटीवर-पोटावर राठ केस, न हटणारे मुरुम, किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं), आणि सोनोग्राफीत बीजाशय तसे दिसणं. तिसऱ्याऐवजी मोठ्या बायकांत एएमएच ही रक्ततपासणी 2023 पासून चालते. आणि हे सगळं थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरी कारणं बाजूला काढल्यावर. ॲपला तुमच्याकडून यातली पहिली गोष्ट ठाऊक झाली, दुसरी तुम्ही सांगाल तेवढीच. उलट, नुसत्या सोनोग्राफीवर 'पीसीओडी (म्हणजे पीसीओएसच) निघालं' म्हणून रडत येणाऱ्या कॉलेजच्या मुलीही मी पाहते. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये असंच मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे, कारण त्या वयात बीजाशयात पुष्कळ बारीक फुगे दिसणं नेहमीचं असतं. पाळी येऊन वर्षही न झालेल्या मुलीची तारीख ॲपवर रोज बघत बसणाऱ्या आयांनी तर तो फोन थोडा बाजूला ठेवावा.

चाळिशीच्या पुढच्या बायकांचं थोडक्यात सांगते, कारण सासूबाईंचा विषय निघालाच आहे. त्या वयात पाळी मागेपुढे होते आणि ॲपचं भाकीत काही कामाचं राहत नाही. पण जास्त जाऊ लागलं की आधी तपासणी, गरज पडली तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून बघणं, औषधं, आणि मग बाकीचं. थेट पिशवी काढायची घाई नको. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, त्याच टोळ्या हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या फडांवर येतात.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पीसीओएस असलेल्या बऱ्याच बायकांची पाळी पस्तिशीच्या आसपास वयानेच जवळ येऊ लागते, आणि तोवर मूल झालेलं असतं म्हणून श्रेय मुलाला जातं. पण पाळीसाठी मूल हा उपाय नव्हे. पुढे मूल हवं असेल तेव्हा बीज सुटण्यासाठी लेट्रोझोलसारख्या गोळ्या आहेत. त्यांना हे शांतपणे सांगा. पटलं नाही तर पुढच्या वेळी सोबत घेऊन या, मी बोलते.

एक गोष्ट घरात अवघड होते, तिच्याकडे लक्ष द्या. 'आज तुमचा सुपीक दिवस' असा संदेश स्क्रीनवर चमकतो, आणि नेमका त्या वेळी फोन दिराच्या हातात, रील दाखवायला घेतलेला. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या सूचना बंद करा, ॲपला वेगळा पासवर्ड घाला. बाहेरच्यांचंही तेच. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने 2021 मध्ये 'फ्लो' ॲपवर कारवाई केली. वापरणाऱ्या बायकांची आरोग्याची माहिती फेसबुक आणि गूगलच्या सेवांपर्यंत गेल्याचा तो आरोप होता, आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. माहिती फोनमध्येच ठेवणारी 'ड्रिप'सारखी ॲपही आहेत. नोंदीसाठी खरं नाव, गाव, नवऱ्याचा नंबर यातलं काही लागत नाही, विचारलं तरी भरू नका.

पाळीला 90 दिवस होऊन गेले तर ॲप काय म्हणतं ते बघू नका. आधी लघवीची तपासणी करून दिवस गेलेत का ते बघा, आणि नसतील तर पाळी आणणारं औषध घ्यायला या. महिनोन्‌महिने अस्तर साठत राहणं चांगलं नाही. दिवस गेल्याची तपासणी तर 90 पर्यंतही थांबवू नका. तुमच्यासारख्या पाळीत 'नेहमीसारखीच लांबली असेल' म्हणत दोन महिने निघून गेलेल्या बायका नेहमी येतात.

राहिला पैशांचा प्रश्न. भरू नका. नोंदीसाठी मोफत ॲप पुरतं आणि कार्यक्रम तुमच्यासाठी बनवलेला नाही. तेच पैसे हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन आणि साखरेच्या तपासणीला ठेवा, सोनोग्राफीचं आपण नंतर ठरवू. पाळी येण्याची वाट पाहत बसू नका, कुठल्याही दिवशी आलं तरी चालेल. प्रोलॅक्टिनचं रक्त मात्र एसटीतून उतरून धावतपळत येऊन लगेच देऊ नका, दमल्याने आणि घाबरल्यानेही ते वाढलेलं दिसतं. सकाळी उठल्यावर दोन-एक तास जाऊ द्या, लॅबमध्ये थोडा वेळ शांत बसा, मग हात पुढे करा.